अजरामर, दर रविवारी दुपारी

टीव्हीसमोर बसलेल्या चाळिशीपुढच्या मराठी माणसाकडे दोन मते कायम तयार असतात आणि ती न विचारताही मिळतात. पहिले मत असे की, विनोदी मालिका असाव्यात तर दूरदर्शनच्या काळातल्या. त्यानंतर आले ते सगळे माकडचाळे. दुसरे मत असे की, अमुक एक अप्रतिम चित्रपट येऊन गेला, पण लोकांना तो कळलाच नाही. दोन्ही मते मांडताना मान सारखीच हलते आणि सुस्काराही तोच असतो, त्यामुळे ती एकाच घराण्यातली वाटतात. प्रत्यक्षात ती एकमेकांच्या मुळावर उठलेली आहेत. पहिल्या मतातले लोक रसिक असतात, सुसंस्कृत असतात, नर्म विनोदाला नेमकी दाद देतात. दुसऱ्या मतात तेच लोक, त्याच सालातले, ठार ढ असतात. 'जाने भी दो यारो' आला 1983 साली. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशातून, सात लाखांच्या आसपास खर्च करून कुंदन शाह यांनी तो काढला. आज त्याला अभिजात म्हटले नाही तर आपल्या शिक्षणाबद्दल शंका घेतली जाते, पण तेव्हा थिएटरात त्याची फारशी डाळ शिजली नव्हती. पुढच्याच वर्षी 'ये जो है जिंदगी' सुरू झाली. तिच्या दिग्दर्शकांत तेच कुंदन शाह होते, आणि कलाकारांत तेच सतीश शाह, जे वर्षभरापूर्वी कमिशनर डिमेलोचे प्रेत होऊन हातोहात फिरले होते. या खेपेला मात्र घरोघरी जयजयकार झाला. वर्षभरात अख्ख्या देशाची विनोदबुद्धी सुधारली, अशी नोंद कुठल्याही पंचवार्षिक योजनेत नाही. माणसे तीच, विनोद करणारे तेच. बदल एवढाच झाला होता की, चित्रपटासाठी घराबाहेर पडून तिकीट काढावे लागत होते आणि मालिका आपण होऊन घरात येऊन बसत होती.

माझे म्हणणे यातूनच निघते. विनोदाच्या बाबतीत ज्याला आपण अभिमानाने आपली आवड म्हणतो ती बरीचशी जमाखर्चाची वही असते: आपल्यापुढे कुणी काय आणून ठेवले, किती वेळा ठेवले आणि तेव्हा आपल्याला उठून जायची सोय होती की नव्हती, याची. त्या काळचा प्रेक्षक डोळ्यांपुढे आणा. वाहिनी एक. मुंबईकरांना दुसरी मिळाली ती 1985 साली. बाकीच्या महाराष्ट्राने तिची नुसती ख्याती ऐकली. लाकडी शटरच्या टीव्हीसमोर घरचे, शेजारचे आणि शेजारच्यांकडे आलेले पाहुणे असा सगळा गोतावळा. निवड करायची ती इतकीच, की बघायचे की बंद करायचे, आणि बंद केले तर पाहुण्यांशी बोलावे लागणार. संध्याकाळी 'आमची माती आमची माणसं'मध्ये भुईमुगावरच्या किडीचा बंदोबस्त ऐकून झालेला, मग बातम्या, मध्येच 'रुकावट के लिए खेद है' ही पाटी. इतक्या तपश्चर्येनंतर 'ये जो है जिंदगी'तला राकेश बेदी नुसता दारातून आत आला तरी माणूस हसणारच. त्यात हसणे हा संसर्गजन्य प्रकार. कोपऱ्यातल्या आजोबांना विनोद ऐकू आलेला नसे, पण शेजारचा हसला म्हणून ते हसत, आणि आजोबा हसले म्हणून नातवंडे हसत. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये, ऑफिसात, रेशनच्या रांगेत सगळ्यांनी तेच पाहिलेले असल्यामुळे त्याची उजळणी होई. असे एकाच प्रसंगावर चार वेळा हसणे होई आणि सगळे श्रेय जाई ते मालिकेच्या खात्यात. रांगेचे योगदान कुणी मोजत नसे.

यावर दूरदर्शनभक्त चिडून विचारतील की, मग त्या मालिका वाईट होत्या असे तुम्हाला म्हणायचे आहे का? अजिबात नाही. म्हणायचे आहे ते असे की, या मक्तेदारीचे मार्क आधी वजा करावेत आणि मग निकाल लावावा. हा हिशेब केला की गंमत होते. काही मालिकांना त्याने धक्काही लागत नाही. 'चिमणराव'चेच बघा. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले, तेव्हा चिं. वि. जोशींना जाऊन दशकाहून जास्त काळ लोटला होता. म्हणजे ही पात्रे टीव्हीच्या कितीतरी आधी कागदावर चालून दाखवलेली होती, आणि मग, चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला, मास्टर विनायकांनी ती रुपेरी पडद्यावर आणलेली होती. ज्या माणसाची फजिती तीन माध्यमांत आणि दोन पिढ्यांत टिकते, त्याला एकुलत्या एका वाहिनीच्या कुबडीची गरज नसते. जसपाल भट्टींचा 'फ्लॉप शो' (1989) हाही असाच सुखरूप बाहेर पडतो. त्यातला टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे ताटकळणारा ग्राहक आज इतिहासजमा झाला आहे, पण विद्यार्थ्याला घरगड्यासारखा राबवणारा पीएच.डी.चा गाईड आणि औषधांची खोटी बिले सादर करणारा कर्मचारी यांच्या प्रकृतीला अजून काहीही झालेले नाही. प्रकाश झांचे 'मुंगेरीलाल के हसीन सपने' त्याच वर्षीचे. रघुवीर यादवचा तो कारकून साहेबांची बोलणी खाता खाता स्वप्नात शिरतो, तेव्हा आजच्या कुठल्याही काचेच्या इमारतीतल्या कुठल्याही नोकरदाराचे डोळे तसेच होतात.

'ये जो है जिंदगी'चा निकाल मात्र मी निम्म्यावर लावीन, आणि हे वाचून काही स्नेही संबंध तोडतील याची मला कल्पना आहे. सतीश शाह भागागणिक नवे सोंग घेऊन येत, तेवढा वेळ मालिका आजही उडी मारून उठते. शफी इनामदारांचे वैतागणे आजही अस्सल वाटते. पण ते दोघे चौकटीबाहेर गेले की मधली जागा रिकामी पडते. पात्रे सोफ्यावरून उठतात, खुर्चीवर बसतात आणि वाक्य संपल्यावर पुढच्याने बोलावे म्हणून वाट बघतात. शरद जोशींसारख्या मातब्बर व्यंगलेखकाचे लेखन असूनही काही भाग नुसते वेळ काढतात. तेव्हा ते खुपले नाही, कारण वेळ काढण्याला पर्याय नव्हता. नव्वदीतल्या मालिकांचा हिशेब तर करायलाच नको. 'श्रीमान श्रीमती'त विनोद एकच होता, तो म्हणजे शेजाऱ्याची बायको. जतीन कनाकिया आणि रीमा लागू यांच्यासारखी गुणी माणसे तो एकच विनोद वर्षानुवर्षे असा खेचत होती की त्यांच्या कष्टांचे कौतुक करावे आणि विनोदाबद्दल गप्प बसावे. त्या दशकात हशासुद्धा तयार विकत मिळू लागला. कुठे हसायचे हे मालिकाच सांगू लागली, यावरून तिला स्वतःबद्दल किती खात्री होती ते कळते.

आता कोणी म्हणेल, वजाबाकी करूनही 'चिमणराव', 'फ्लॉप शो', 'मुंगेरीलाल', 'वागले की दुनिया' एवढा ऐवज उरतो, तेव्हा जुने ते सोने हे सिद्धच झाले. नाही झाले. उरलेल्यांमध्ये समान काय आहे ते पाहायला हवे. पहिला अंदाज असा की, त्यामागे खरे लेखक होते. चिं. वि. जोशी होते, 'मुंगेरीलाल'ला मनोहर श्याम जोशी होते, 'वागले'मागे आर. के. लक्ष्मण होते. अंदाज चांगला आहे, पण त्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो रोज संध्याकाळी घराघरांत दिसतो. 'तारक मेहता का उल्टा चष्मा' ही मालिकासुद्धा एका पट्टीच्या विनोदी लेखकाच्या लेखनावरच उभी आहे. तारक मेहतांचे ते सदर 1971 पासून 'चित्रलेखा' या गुजराती साप्ताहिकात येत होते आणि वाचक त्याच्यासाठी अंकाची वाट बघत. म्हणजे लेखक असूनही भागले नाही. मग उरलेल्यांत सामाईक काय? सामाईक आहे ते संपणे. दूरदर्शन निर्मात्याला साधारण तेरा भागांचा वाटा देई. 'मुंगेरीलाल' तेरात आटोपली. 'फ्लॉप शो'चे भाग दहा. या माणसांना संयम होता असे नाही. सरकारने त्यांच्यावर तो लादला होता. सरकारी खात्याच्या आखडत्या हातामुळे कलेचे भले झाल्याची उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत, म्हणून हे जपून ठेवावे.

विनोदाला संपणे का लागते, याचे कारण साधे आहे. विनोदी पात्र नेहमी अडचणीत असते. अडचण सुटली तर विनोद संपतो आणि कधीच सुटली नाही तर पात्र मूर्ख ठरते. मालिका थोडक्यात आटोपली तर हा पेच लपून जातो. 'तारक मेहता' 28 जुलै 2008 रोजी सुरू झाली आणि तिने चार हजार भागांचा टप्पा कधीच ओलांडला. त्यात पत्रकार पोपटलाल हे लग्नाळू गृहस्थ आहेत. छत्री घेऊन ते मुलगी शोधायला बाहेर पडतात, आशा पल्लवित होते, काहीतरी विघ्न येते, छत्री घेऊन परत येतात. पहिल्यांदा हे हसवते, दहाव्यांदाही हसवते. पण चारही विवाह मंडळांत नाव घातलेल्या आपल्याकडच्या एखाद्या मुलाचे इतकी वर्षे जमले नसते तर घरच्यांनी नवस, शांत, नारायण नागबळी सगळे उरकून शेवटी मुलालाच विचारले असते की, बाबा, तुझ्या मनात आहे तरी काय? मालिका त्यांना हे विचारू शकत नाही, कारण उत्तर मिळाले तर एक कथानक कमी होईल. चाळीवजा सोसायटीतली मुले बदलली, ती करणारी मुलेही बदलली, पण पोपटलालांची छत्री तशीच.

इथे सगळ्यात जोरकस आक्षेप येतो आणि तो टाळता कामा नये. लोक ती मालिका रोज बघतात, जेवताना बघतात, परदेशात बसून बघतात. मग ती वाईट कशी? ती वाईट आहे असे मीही म्हणत नाही. तिचे काम निराळे आहे. चार महिने चुकली तरी काही बिघडत नाही, मध्येच पोळी वाढायला उठले तरी काही बिघडत नाही, आणि घरातल्या कुठल्याही वयाच्या माणसासमोर चॅनल बदलायची वेळ येत नाही. ही सोय मोठी आहे आणि लोक त्या सोयीला दाद देतात. फक्त सोयीला विनोद म्हणू नये. फरक पाहायचा तर 'वागले'कडे या. 1988 साली कुंदन शाह यांनीच केलेल्या 'वागले की दुनिया'त अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांनी मध्यमवर्गाचा भित्रेपणा मोजक्या भागांत असा उभा केला की वागले हे आडनाव एका वृत्तीचे नाव झाले. 2021 साली तेच वागले कुटुंब पुढच्या पिढीसह परतले, सुमीत राघवन यांच्यासारखा चोख नट घेऊन, आणि हजाराहून अधिक भाग चालले. नवी मालिका नीटनेटकी होती, सालस होती. पण हजार भाग रोज एकेक धडा घ्यायचा म्हटल्यावर वागल्यांना भित्रे राहणे परवडेना. ते समंजस झाले. समंजस माणूस शेजारी म्हणून उत्तम, विनोदी मालिकेत मात्र त्याचा काही उपयोग नसतो. मराठीत 'श्रीयुत गंगाधर टिपरे'ने हे वेळीच ओळखले. प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून केदार शिंदे यांनी केलेली ही मालिका 2001 मध्ये अल्फा मराठीवर सुरू झाली, आठवड्याला एकदाच भेटत राहिली आणि 2004 मध्ये लोक 'अजून हवी' म्हणत असतानाच थांबली. तेव्हा वाहिन्यांची कमतरता नव्हती, म्हणजे मक्तेदारीचे मार्क तिला कुणी दिले नाहीत. ती जुनी म्हणून चांगली नाही. ती दूरदर्शनची तर नाहीच.

इतके झाले की जुन्या मालिकांचा प्रश्न पुरेसा सुटतो आणि दुसऱ्या मताकडे, म्हणजे दुर्लक्षित चित्रपटांकडे वळता येते. त्याआधी दोन्ही मतांच्या सीमेवरचा एक पुरावा. 'साराभाई वर्सेस साराभाई' 2004 च्या अखेरीस स्टार वनवर आली तेव्हा तिला टीआरपी जेमतेम होता आणि दोन वर्षांच्या आत ती बंद झाली. मग पुनःप्रक्षेपणे सुरू झाली, मग यूट्यूब आले, आणि आता ती न पाहिलेला माणूस सुशिक्षितांच्या बैठकीत चोरासारखा बसतो. तिच्यातल्या सतीश शाहांच्या नशिबी हे दुसऱ्यांदा आले: आधी दुर्लक्ष, नंतर देव्हारा. 'अंदाज अपना अपना'चेही तेच. 1994 च्या नोव्हेंबरात राजकुमार संतोषींचा तो चित्रपट आला आणि तिकीटबारीवर आपटला. नंतर केबलवाल्याने तो इतक्या दुपारी लावला की आज त्या वयाचा प्रत्येक पुरुष 'आम्ही तेव्हाच ओळखला होता' असे सांगतो. एवढ्या सगळ्यांनी तेव्हाच ओळखला असता तर तो आपटला कसा, हे विचारू नये, मैत्री तुटते. 2025 साली तो पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा संवाद पडद्याच्या आधी प्रेक्षकांतून येत होते.

कधीकधी हे पुनरुज्जीवन भलत्याच खात्याकडून होते. हृषीकेश मुखर्जींचा 'किसी से ना कहना' (1983) हा उत्पल दत्त, फारुख शेख आणि दीप्ती नवल यांचा गोड चित्रपट विस्मरणात गेलेला होता. त्यातले एक दृश्य, 'हनिमून हॉटेल'ची अक्षरे बदलून 'हनुमान हॉटेल' झालेल्या पाटीचे, एका पत्रकाराने 2018 साली ट्विट केले होते. 2022 साली दिल्ली पोलिसांनी त्यावरून त्याला अटक केली आणि सेन्सॉरने जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वी निर्धोक ठरवलेला विनोद देशभर पोहोचला. चित्रपटाच्या प्रचाराचा हा मार्ग मी सुचवणार नाही, पण तो गुणकारी ठरला हे नाकारता येत नाही.

मग पुन्हा पुन्हा दाखवले की झाले, असे असेल तर 'सूर्यवंशम' हा भारतातला सर्वश्रेष्ठ चित्रपट ठरायला हवा. हा आक्षेप मला स्वतःला फार आवडतो. चित्रपट 1999 चा, सेट मॅक्स वाहिनीही 1999 ची, आणि त्यानंतर ती दोघे एकमेकांपासून वेगळी झाल्याचे कुणी पाहिलेले नाही. हीरा ठाकूर आणि त्याची ती विषारी खीर ठाऊक नसलेला माणूस या देशात सापडणे कठीण आहे. पण कुणी तो आवडीने लावतो का? तो लागलेला असतो. म्हणजे मांडणी जरा बारीक करावी लागेल. पुन्हा पुन्हा दिसल्याने ओळख होते; प्रेम व्हायला आत काहीतरी असावे लागते. उलट बाजूने मात्र हा नियम फार निष्ठूर आहे: आत कितीही असले तरी दिसलेच नाही तर ओळखच होत नाही, आणि न ओळखलेल्या चित्रपटावर कुणी प्रेम करत नाही.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा आपल्याच घरात आहे. 'अशी ही बनवाबनवी' (1988) महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. धनंजय माने कुठे राहतात हे ज्याला माहीत नाही त्याला डोमिसाइल मिळू नये, इथपर्यंत आपली तयारी आहे. पण हीच गोष्ट बावीस वर्षे आधी, 1966 साली, हृषीकेश मुखर्जींनी हिंदीत केली होती, हे ऐकल्यावर माणसे दुखावतात. त्या चित्रपटाचे नाव 'बीवी और मकान'. निर्माते हेमंत कुमार, कलाकारांत बिस्वजीत आणि मेहमूद. त्याचाही उगम 'जय मा काली बोर्डिंग' या 1955 च्या बंगाली चित्रपटात होता. मित्रांची टोळी, घर मिळत नाही, घरमालकाला जोडपीच हवीत, म्हणून दोघांनी बायका व्हायचे. कथा तीच, दिग्दर्शक 'आनंद'च्या योग्यतेचा, आणि चित्रपट पार बुडाला. दुर्लक्षित हा शब्द लावायचा तर तो याला लावावा. यावर कोणी म्हणेल की, मराठी चित्रपट सरस होता म्हणून चालला, त्यात टीव्हीचा काय संबंध? पहिला भाग मला मान्य आहे. वसंत सबनीसांच्या संवादांना तोड नाही. अशोक सराफांचे थांबणे इतरांच्या बोलण्यापेक्षा बोलके आहे. सुधीर जोशींचा घरमालक हा तर मराठी विनोदातला एक ऐवज आहे. चित्रपट तेव्हा थिएटरांतही जोरात चालला, टीव्हीची वाट न बघता. पण त्या वर्षांत थिएटरांत जोरात चाललेले मराठी विनोदी चित्रपट आणखी बरेच होते. त्यांतला हाच एक आज शाळकरी पोरांनाही पाठ आहे, तो त्यांनी थिएटरात पाहिलेला नाही. मराठी वाहिन्यांनी सुट्टीच्या दुपारी, सणाच्या दुपारी आणि दुसरे काही हाती नसेल त्या दुपारी तो लावला, म्हणून लिंबू कलरची साडी नातवंडांपर्यंत पोहोचली. 'बीवी और मकान'ला अशी एक दुपार मिळाली नाही.

जाता जाता, हल्लीच्या विनोदात पुरुष साड्या नेसून नाचतात म्हणून नाके मुरडणाऱ्यांना एक सांगायचे आहे. त्यांच्या सर्वांत लाडक्या चित्रपटाची सगळी इमारतच साडीवर उभी आहे. मग बनवाबनवी चालते आणि स्किट का चालत नाही? कारण बनवाबनवीत साडी नेसायला भाडे लावते. डोक्यावर छप्पर नाही म्हणून ती नेसावी लागते, आणि सोडली तर सामान रस्त्यावर येणार असते. पुष्कळ स्किटांत साडी नेसायला कुणी भाग पाडलेले नसते. पदर पडला की विनोद संपतो आणि परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात. म्हणजे तक्रार खरी आहे, फक्त ती कपड्यांवर ढकललेली आहे.

राहिला 'एक होता विदूषक'. माझ्या दृष्टीने मराठीतला खरा दुर्लक्षित चित्रपट हा. 1992 सालचा, दिग्दर्शक जब्बार पटेल. पटकथा-संवाद पु. ल. देशपांड्यांचे, म्हणजे 1953 च्या 'गुळाचा गणपती'नंतर चार दशकांनी पु.लं.नी सिनेमासाठी पुन्हा लेखणी उचललेली. ना. धों. महानोरांची गीते, आनंद मोडकांचे संगीत, मधु कांबीकर, निळू फुले, मोहन आगाशे. त्याला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इतकी नावे एका पाटीवर असताना लोकांनी पाठ फिरवली, कारण पोस्टरवर लक्ष्मीकांत बेर्डे होते. लक्ष्मीकांत म्हटल्यावर प्रेक्षक पोट धरून हसायच्या तयारीने आले, आणि समोर उभा राहिला आबुराव: तमाशातला सोंगाड्या, मग सिनेमाचा नट, मग पुढाऱ्यांच्या हातचे खेळणे. इथे विनोद हा माणसाला हळूहळू खाणारा धंदा होता. प्रेक्षक रागावले यात त्यांची चूक म्हणता येणार नाही. त्यांनी तिकीट दुसऱ्याच मालाचे काढले होते. नेहमीप्रमाणे टीव्हीने ही चूक दुरुस्त करायला हवी होती. पण सणाच्या दुपारी पुरणपोळी खाऊन आडव्या झालेल्या माणसाला आबुराव दाखवायचे धाडस कोणती वाहिनी करील? 'आता सगळे इंटरनेटवर मिळते, त्यामुळे दुर्लक्षित असे काही उरलेच नाही' हा युक्तिवादही इथे फसतो. मिळते सगळे, पण दिसते तेच जे आधी पाहिलेले आहे. शिवाय आता चित्रपट अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांवर जगतात. बनवाबनवीचे असे पन्नास तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा हसवतो. आबुरावाचा तुकडा पाडला तर हाती येतो तो एक लक्ष्मीकांत, जो विनोद करत नाही, आणि बघणारा तो सरकवून पुढे जातो.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच. पुढच्या वेळी 'आजकाल चांगला विनोद कुठे राहिलाय' हे वाक्य तोंडात येईल तेव्हा ते गिळा आणि 'एक होता विदूषक' शोधून लावा, अख्खा. आवडला नाही तर तसे चारचौघांत स्पष्ट सांगा, माझ्या नावाने बोटे मोडा. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा तो चित्रपट महाराष्ट्राने निदान पाहून नाकारला, एवढी तरी नोंद होऊ द्या.